व्हर्नाच्या धनुष्याची रबरी नळी

आर्मस हेक्किला स्वतःच्या धनुष्याला रबरी नळी लावत नसे, आणि गावातल्या बाकी सगळ्यांना मात्र नळीच लावा म्हणून सांगत सुटे. ह्या दुटप्पीपणाचं कारण गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण हिल्मा. आणि हिल्माला एखादी गोष्ट ठाऊक असणं म्हणजे काय, हे आर्मसला विचारावं. जन्मभर तिच्याच घरात राहिला बिचारा.

नळीचं प्रकरण आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. अमेरिकेतल्या त्या भागातली धनुष्यं चाकांची असतात, दोन्ही टोकांना एकेक चाक. त्याच्या दोरीत, बरोबर डोळ्यासमोर येईल अशी, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान अशी भोकाची चकती बसवतात. त्या भोकातून धनुष्यावरची नेम धरायची पिन दिसली आणि पिनेच्या टोकावर हरीण दिसलं, की बाण सोडायचा. इथवर सोपं आहे. पण दोरी ओढली की ती पिळवटते, आणि तिच्याबरोबर चकतीही फिरते. भोक डोळ्याकडे बघायचं सोडून कानाकडे बघत बसलं, तर शिकाऱ्यापुढे नुसता काळोख. ह्यावर उपाय दोन. एक, चकतीला रबरी नळी बांधून तिचं दुसरं टोक धनुष्याच्या वरच्या तारेला अडकवायचं. दोरी ओढली की नळी ताणते आणि चकतीला कान धरून सरळ करते. दुसरा, नळीबिळी काही नाही. दोरीच चांगली घ्यायची, ती पुरती मुरू द्यायची, आणि चकती अशी बांधायची की तिची फिरायची बिशाद नको.

मिशिगनच्या वरच्या अंगाला, मोठ्या सरोवराच्या काठी, ऑक्टोबर आला की हरणांची शिकार सोडून दुसरं बोलणं नाही. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या बाकड्यावर नळीवाले आणि बिननळीवाले असे दोन पक्ष बसलेले असत आणि एकमेकांची आयमाय काढत. आर्मस नळीवाल्यांचा पुढारी.

"बिननळीच्या चकतीचा काय भरवसा?" तो म्हणायचा. "पहाटेच्या अंधारात मचाणावर बसायचं, बोटं गारठलेली, शिंगाड्या नर समोर, आणि चकती फिरलेली. घ्या! नळी असली की डोळे मिटून ओढा, भोक समोर हजर."

"मग तुझ्या धनुष्याला कुठाय रे नळी?" क्लिफ बूशे विचारायचा. हा क्लिफ पंपाचा मालक, तोंडाचा फटकळ.

"माझी गोष्ट वेगळी."

"म्हणजे आम्हाला औषध आणि तुला साखर!"

सगळे हसायचे. आर्मस कॉफीत बघत बसायचा. तसा तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, म्हणूनच त्याला ते साधायचंही नाही.

लाकडाच्या गिरणीत तो उभी हयात करवतीपाशी राहिला. लग्नाचं राहूनच गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, मग बघता बघता केस पांढरे. गिरणी सुटल्यावर गॅरेजमध्ये त्याने एक बाक मांडला, धनुष्य दाबून धरायचा शिकंजा त्यावर ठोकला, आणि ऑगस्टपासून गावातली धनुष्यं दुरुस्तीला येऊ लागली. डेल कोस्केला दर ऑगस्टच्या अखेरीला दोन धनुष्यं घेऊन यायचा, एक स्वतःचं आणि एक बायकोचं. डेल आला की गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणाला बोलायला जागा उरायची नाही. व्हर्ना गाडीतच बसून विणकाम करायची, चकतीची उंची बघायला तेवढी खाली उतरायची. तेव्हा आर्मसने तिच्याकडे डेलची बायको ह्यापलीकडे कधी पाहिलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी भलतंच मनात आणेल.

मग एका वसंतात डेल सरपण फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. त्या ऑगस्टला आता कोस्केलांकडून कुणी येत नाही, असं आर्मस धरून चालला होता. पण महिन्याच्या अखेरीला गाडी आली, आणि व्हर्ना एकच धनुष्य घेऊन उतरली.

"नळी बदलायची आहे," ती म्हणाली. "तो म्हणायचा, दर वर्षी बदलावी लागते."

"लागते," आर्मस म्हणाला. "थंडीने रबर चिरतं."

त्याने जुनी नळी काढली, नवी घातली. मग उंची बघायला तिला उभं केलं आणि घड्याळाच्या ठोक्यासारखं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलेलं तेच सांगितलं, "डोळे मीट. ओढ. मूठ हनुवटीशी टेकव. आता उघड. काय दिसतं?"

"खालून अर्धं काळं."

चकती वरखाली सरकवायला माणसाला अगदी जवळ उभं राहावं लागतं, ओढणाऱ्याच्या कोपरापाशी, श्वास धरून. गिऱ्हाईक कोण आहे हे अशा वेळी डोक्यात नसतं. नजर चकतीवर असते. त्या दिवशी आर्मसची नजर चकतीवरून घसरली. तिच्या कानामागे केसांची एक बट सुटली होती, आणि डोळे उघडल्यावर ती त्या भोकातून लांब कुठेतरी इतकं मन लावून बघत होती, की चकती सरकवायची हे आर्मस विसरूनच गेला. साठी ओलांडलेला माणूस! त्याचं त्यालाच हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आता?" तो म्हणाला.

"आता गोल दिसतं. स्वच्छ."

झालं. अर्ध्या तासाचं काम. हिल्माने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव आणून ठेवला, व्हर्नाने एक कप घेतला, हवापाण्याचे दोन शब्द बोलली आणि गेली. आर्मस मात्र पुढच्या ऑगस्टची वाट बघायला त्याच संध्याकाळपासून लागला.

तुम्ही म्हणाल, वाट कसली बघायची, दोन मैलांवर तर राहते, जावं की उठून. पण ते लोक तसे नाहीत. त्यांच्यात काम असल्याखेरीज कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. उसनं नेलेलं फावडं परत करायचं असेल, मासे जास्त मिळाले म्हणून द्यायचे असतील, गाय सुटून आली असेल, तर जावं. नुसतं "सहज आलो" म्हणून गेलं, तर घरचे आधी विचारतील, कोण वारलं? मग अशा माणसाने काय करावं? आर्मसला जेवढं सुचलं तेवढं त्याने केलं. व्हर्ना हातमागावर चिंध्यांच्या चटया विणायची आणि चर्चच्या बाजारात विकायला ठेवायची. आर्मस त्या विकत घ्यायचा. स्वयंपाकघरात चटई, जिन्यावर चटई, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, दाराशी चटई, लाकडाच्या खोपीतसुद्धा चटई.

"सरपणाला गारठा लागतो वाटतं," हिल्मा म्हणाली.

"चांगल्या विणीच्या आहेत."

"वीण चांगलीच आहे. पण परवा मी दोनदा अडखळले. एखाद्या दिवशी ह्या चटयांपायी माझी हाडं मोडतील, आणि तू त्या बाईला अजून 'हवा छान आहे' एवढंच म्हणत असशील."

"हिल्मा, गप."

"मी गप बसायचं आणि तू तोंडात मूग धरून बसायचं. मग ह्या घरात बोलायचं कुणी, मांजराने?"

ह्यावर आर्मस गॅरेजमध्ये निघून जायचा. बोलावं असं त्याला वाटत नव्हतं असं नाही. पण काय बोलायचं? डेल त्याचा मित्र होता. आणि ती नाही म्हणाली तर? मग ऑगस्टही जाईल. जो अर्धा तास आहे तोही गमावून बसायचं, म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा. त्यापेक्षा नळी बरी. नळी दर वर्षी चिरते, आणि दर वर्षी माणसाला यावं लागतं. म्हणून पंपावरच्या बाकड्यावर तो नळीची बाजू जीव तोडून लढवायचा. गावात कुणी बिननळीचं नाव काढलं आणि ते व्हर्नाच्या कानावर गेलं, तर संपलंच सगळं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका ऑक्टोबरच्या शेवटी, पहिला कडक गारठा पडला त्या सकाळी, मचाणावर बसलेल्या व्हर्नाने एका मोठ्या शिंगाड्यावर दोरी ओढली आणि नळी मध्येच तुटली. गारठलेलं रबर सटकन तिच्या तोंडावर बसलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. डोळ्याखाली गालावर लाल वळ उठला, आणि हरीण काय, ते कुठल्या कुठे गेलं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आर्मसने तो वळ पाहिला.

"नळी तुटली," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगणं होतं.

"डोळा..." एवढंच त्याच्या तोंडून आलं.

"डोळ्याला काही नाही."

पण आर्मसचा तो हिवाळा कसा गेला, हे हिल्माला विचारा. जेवताना घास हातात तसाच राहायचा. रबर नवं होतं, गाठ पक्की होती, चूक कुणाचीच नव्हती, हे खरं. पण त्याला ठाऊक होतं की नळी त्याने तिच्या भल्यासाठी ठेवलेली नव्हती. तिचा हात स्थिर, ओढ एकसारखी, हरणं तिला जवळ येऊ देणारी. अशा माणसाला नळी कशाला हवी? बाण सुटताना नळीचा जो सूं आवाज होतो, त्यानेही दोन हरणं तिच्या हातची गेली होती. आपल्या अर्ध्या तासापायी आपण तिला काय गळ्यात बांधलं, ह्या विचाराने त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

ऑगस्ट आला. ती आली. गालावर आता फक्त एक फिकट रेघ उरली होती, बघणाऱ्यालाच दिसेल अशी. तिने धनुष्य बाकावर ठेवलं आणि सरळ विचारलं, "आर्मस, खरं सांग. नळी ठेवू, की बिननळीची घेऊ? पंपावर क्लिफ म्हणतो बिननळीची घे. तू नळीवाला. पण मी तुझं ऐकणार."

गॅरेजच्या दारात हिल्मा कॉफीचं तबक घेऊन उभी होती. ती जागची हलली नाही. माझं जाऊ द्या, तुम्ही असता तर काय म्हणाला असता? नळी म्हटलं की दर ऑगस्टचा अर्धा तास पक्का. "जाड नळी घालू, ती तुटत नाही" एवढं एक वाक्य. जाड नळ्या होत्याही त्याच्याकडे, खणात. आर्मसने खणाकडे पाहिलं. मग तिच्या गालावरच्या रेघेकडे पाहिलं.

"बिननळीची," तो म्हणाला. "तुला नळी कधीच नको होती."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो."

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. का, असं तिने विचारलं नाही.

"पण त्याला नवी दोरी लागेल," तो पुढे घाईने म्हणाला, "आणि नवी दोरी लोणच्यासारखी मुरावी लागते. रोज बाण मारायचे. रोज ती थोडी सैल होणार, चकती थोडी फिरणार, मी परत पीळ देणार. हलायची थांबली की मग कायमची बांधायची. रोज संध्याकाळी यावं लागेल."

"किती दिवस?"

"ते दोरी ठरवेल."

"बरं," व्हर्ना म्हणाली. "संध्याकाळी मला काम नसतं."

हिल्माने तबक बाकावर इतक्या जोरात ठेवलं की कॉफी सांडली.

आणि मग ज्या संध्याकाळी आल्या, त्या आर्मसच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या. मागच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडापलीकडे, चिंध्या भरलेलं पोतं निशाणाला टांगलेलं होतं. व्हर्ना बाण मारायची, आर्मस बाण उपटून आणायचा. दर थोड्या वेळाने, "डोळे मीट. ओढ. उघड. काय दिसतं?" आणि ती सांगायची, "डावीकडून जरा काळं आहे." मग शिकंजा, मग अर्धा पीळ, मग परत. मधल्या वेळात दोघं पायरीवर बसायचे. ती डेलबद्दल बोलायची. डेल घोरायचा कसा, आणि आता घोरणं नाही म्हणून झोप लागत नाही, हे सांगताना ती हसली. आर्मसने गिरणीतल्या गोष्टी सांगितल्या, ज्या त्याने हिल्मालाही कधी सांगितल्या नव्हत्या. हिल्मा खिडकीतून ऐकत होती म्हणा, तेव्हा तिलाही कळल्याच.

एका संध्याकाळी पोत्याच्या वरचं जाळं फाटलं आणि चिंध्या बाहेर आल्या. "ह्या तर माझ्याच चिंध्या!" व्हर्ना म्हणाली. तिच्या एका चटईची वीण उसवली होती, ती टाकवेना म्हणून आर्मसने पोत्यात भरलेली. तो कानापर्यंत लाल झाला. तिने त्याच्या बाकावरचा काळा मेणाचा दोरा घेतला आणि उभ्या उभ्या जाळं सांधून टाकलं. आर्मस तिची बोटं बघत राहिला. दोन टोकं एकमेकांवर, एक वळसा, एक फास, आणि बारीकशी चपटी गाठ.

"ही कसली गाठ?"

"विणकरांची. मागावर ताण्याचा उभा दोरा तुटला की अशी मारतात. फणीतून सरकते, अडकत नाही. तुझी कशी असते?"

"माझी गोल. दोन वेढे जास्त."

"तू सगळंच दोन वेढे जास्त करतोस," ती म्हणाली.

रात्री जेवताना हिल्मा म्हणाली, "दोन वेढे जास्त. बाईने बरोबर ओळखलंय तुला. आता तरी विचार."

"काय विचारू?"

"देवा! अरे म्हाताऱ्या, 'काय दिसतं' हे तू तिला रोज विचारतोस. त्याच्या पुढचा एक प्रश्न विचार!"

त्याने नाही विचारला. उद्या, असं रोज म्हणाला. आणि दोरी मुरतच चालली होती. रोज पीळ कमी लागायचा. मग एक संध्याकाळ अशी आली की व्हर्नाने डोळे उघडले आणि म्हणाली, "गोल. स्वच्छ." पुन्हा ओढली, "स्वच्छ." पुन्हा, "स्वच्छ."

आता चकतीच्या वर आणि खाली दोरा कायमचा बांधायचा राहिला होता. ती शेजारी स्टुलावर बसली होती, तिचं लक्ष झाडावरच्या सफरचंदांकडे होतं. आर्मसच्या हातात दोरा होता, आणि मनात आलं ते येऊन गेलं. एक वेढा कमी. खालच्या गाठीला थोडी ढील. महिन्याभरात चकती सरकेल, तिला परत यावं लागेल, आणि कुणाला कधी कळणार नाही. हात थांबला. पण महिन्याभराने ऑक्टोबर असेल, आणि ती मचाणावर असेल, आणि समोर हरीण असताना तिच्या डोळ्यापुढे काळोख येईल. एकदा तिच्या तोंडावर नळी मारली, ती पुरे झाली. त्याने वेढे पुरे घातले. नेहमीसारखे दोन जास्त. वर डिंकाचा थेंब दिला आणि तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसला. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि असं रडूही त्याला कधी आलं नव्हतं. फक्त ते बाहेर पडू दिलं नाही.

"झालं?" ती उठली.

"झालं."

"म्हणजे आता पुढच्या ऑगस्टला यायला नको."

इथे बोलायचं होतं बघा. इथेच. पण आर्मसमधला कारागीर आधी बोलून गेला, "नको. त्यात बिघडण्यासारखं काही ठेवलंच नाही मी."

"हं," व्हर्ना म्हणाली. तिने धनुष्य उचललं, गाडीपर्यंत गेली, तिथे जरा थांबली, आणि मग गेली.

"गाढवा," खिडकीतून हिल्मा म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

त्या ऑक्टोबरात व्हर्नाला शिंगाड्या मिळाला, चांगला मोठा. एका दुपारी आर्मस बाहेरून आला तर दाराच्या कडीला हरणाच्या मांसाचं पुडकं लटकलेलं. ज्याने धनुष्य लावलं त्याला एक तुकडा द्यायची तिथली रीत आहे, ती तिने पाळली. आर्मस घरी नसताना येऊन गेली. ते मांस त्याने जपून जपून खाल्लं. शेवटचा तुकडा वसंतापर्यंत बर्फाच्या पेटीत होता, आणि हिल्माने त्याला हात लावला तर तो ओरडला. चर्चच्या पायऱ्यांवर भेट व्हायची. "चकती हलली का?" "तसूभर नाही." "वा." आणि संपलं. पंपावर आता तो नळीची बाजू घेईना. क्लिफ म्हणाला, "पुढाऱ्याने पक्ष बदलला!" तर आर्मस नुसता कप घेऊन उठून गेला. क्लिफ मागून म्हणाला, "अरे, मी काय बोललो?"

संध्याकाळी तो पायरीवर बसायचा. पोतं तिथेच टांगलेलं होतं, बाणांनी चाळण झालेलं. पाऊस आला, बर्फ आलं, तरी त्याने ते आत आणलं नाही. जाळ्यात तिची गाठ होती ना.

पुन्हा ऑगस्टची अखेर आली. त्या सकाळी हिल्माने वेलदोड्याचा पाव भाजला.

"कशाला?" आर्मस म्हणाला. "कोण येणार आहे?"

"मी खाणार आहे. चालेल?"

दुपार टळत आली तेव्हा तो कुणाचं तरी धनुष्य साफ करत होता. गाडीचा आवाज आला. त्याने वर पाहिलं नाही; आवाज ओळखीचा होता आणि त्याला स्वतःची फसगत करून घ्यायची नव्हती. मग दारात सावली पडली.

"बिघडलं," व्हर्ना म्हणाली.

"काय बिघडलं?"

"चकती. वर सरकली आहे. खालून अर्धं काळं दिसतं."

आर्मसला आधी धक्काच बसला. त्याचं काम, आणि सरकलं? त्याने धनुष्य तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. खरंच, चकती चांगली बोटभर वर गेली होती. अशी आपोआप जाणं शक्य नाही. वरच्या डिंकावर पात्याचा बारीक चरा होता. वेढे कमी होते. दोरा त्याचाच, काळा, मेणाचा. पण गाठ गोल नव्हती. बारीक होती, चपटी होती, फणीतून न अडकता सरकेल अशी.

तो ती गाठ बघत राहिला. ह्याच बाकावर, ह्याच दोऱ्याने, एक वेढा कमी करायचा मोह त्याला झाला होता आणि त्याने तो गिळला होता. आणि ह्या बाईने सरळ पातं घेऊन त्याचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कापून टाकलं होतं.

"कधी सरकली?" त्याने विचारलं.

"काय माहीत. आपोआप." ती सफरचंदाच्या झाडाकडे बघत होती. गालावरची रेघ लाल झाली होती. "बिननळीचा काय भरवसा, असं तूच म्हणायचास."

आर्मसने धनुष्य खाली ठेवलं. खिडकीपलीकडे हिल्माची पावलं थांबल्याचं त्याला ऐकू आलं. उद्या, असं म्हणायला ह्या वेळी तोंड उघडेना.

"व्हर्ना," तो म्हणाला, "ही गाठ तुझी आहे."

तिने आता त्याच्याकडे पाहिलं, चकतीतून बघायची तसं, मन लावून.

"ओळखलीस?" ती म्हणाली. "बरं झालं. मी तर तुला आणखी एक वर्ष लागेल असं धरून चालले होते."

आर्मसला हसू आलं, आणि हसता हसता एवढ्या ऑगस्टांचं रडू आलं, ते ह्या वेळी त्याने अडवलं नाही. व्हर्नाने स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली. धनुष्याचं काम त्या दिवशी झालंच नाही. हिल्माने कॉफीबरोबर तिसरा कप आणला आणि कुणी बोलावलं नसताना त्यांच्यात येऊन बसली.